गर्भसंभवाचे गणित

मृत्यूचे गणित मनुष्याने फार पूर्वी मांडले. जन्माचे गणित मांडावयास मात्र त्याला बराच विलंब लागला. इंग्लंडातील ज्योतिर्विद एडमंड हॅली याने १६९३ साली ब्रेस्लाउ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक तयार केले, आणि पुढे विम्याचा सारा व्यवहार अशाच कोष्टकांच्या पायावर उभा राहिला. परंतु विवाहित जोडप्याला एखाद्या महिन्यात गर्भसंभव होण्याची शक्यता किती, हा साधा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारला जाण्यास विसावे शतक उजाडावे लागले. याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. मृत्यू चारचौघांत घडतो आणि त्याची तिथी सर्वांना ठाऊक असते. गर्भसंभव एकांतात होतो, त्याची तिथी खुद्द आईलाही नक्की सांगता येत नाही, आणि त्याविषयी बोलणे तर सभ्य समाजात वर्ज्यच. शिवाय संतती ही दैवाधीन गोष्ट होय, अशी समजूत सर्व देशांत इतकी दृढ होती की तेथे गणिताला जागा असेल अशी शंकाही फारशी कोणाला आली नाही.

ती जागा प्रथम दाखवून दिली इटलीचे संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जिनी यांनी. १९२४ साली कॅनडातील टोरंटो येथे भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी स्त्रीच्या गर्भधारणक्षमतेविषयी एक निबंध सादर केला. त्यांची कल्पना दिसावयास अगदी साधी होती. विवाह झालेला आहे, गर्भ टाळण्याचा कोणताही उपाय योजलेला नाही, आणि स्त्री गरोदर नाही. अशा स्थितीत एका महिन्यात गर्भ राहण्याचा जो संभव, तो एका अंकाने व्यक्त करावयाचा. या अंकाला मराठीत गर्भसंभाव्यता म्हणावयास हरकत नाही. शंभर जोडप्यांपैकी वीस जोडप्यांना एका महिन्यात गर्भसंभव होत असेल, तर त्या समूहाची सरासरी गर्भसंभाव्यता एक पंचमांश होय. दैव या शब्दाच्या आड दडलेली वस्तू अशा रीतीने प्रथमच मोजपट्टीवर आली.

महाराष्ट्रात या विषयाला तोंड फोडणारा पहिला पुरुष गणिताचाच प्राध्यापक असावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत असत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र चालविण्यास आरंभ केला, आणि याच कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते नेटाने चालविले. खटले आणि दंड सोसूनही त्यांनी आपला हेका सोडला नाही. त्यांचा लढा मुख्यतः विचारस्वातंत्र्याचा आणि स्त्रीच्या स्वास्थ्याचा होता. परंतु दुसरी एक उणीव तेव्हा होती, आणि ती भरून काढणे कोणा एकट्यादुकट्याच्या हाती नव्हते. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील स्त्रीला आयुष्यात किती मुले होतात, ती किती अंतराने होतात आणि त्यांतली किती जगतात, याचे विश्वासार्ह आकडेच उपलब्ध नव्हते. गावच्या जन्मनोंदी अपुऱ्या असत, आणि जन्मून आठवड्याभरात गेलेले मूल तर पुष्कळदा नोंदीत येतच नसे.

ही उणीव दूर करण्याचे काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने हाती घेतले. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेला धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखे संचालक लाभले होते, आणि घरोघर जाऊन माहिती गोळा करावयाची हा तिचा बाणाच होता. विनायक महादेव दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जननमृत्यूची जी पाहणी केली, तिचा ग्रंथ संस्थेने १९५३ साली प्रसिद्ध केला. पाठोपाठ १९५५ साली नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांतील जननाची पाहणी ना. वि. सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांच्या नावे प्रसिद्ध झाली. अशा पाहणीचे काम किती बिकट असते, याची कल्पना शहरवासी कुटुंबांना सहसा येत नाही. खेड्यातील बाईला स्वतःचे वय ठाऊक नसते. मुलाचा जन्म तिला सनावरून आठवत नाही, दुष्काळावरून, प्लेगच्या साथीवरून किंवा सुगीवरून आठवतो. गेलेल्या लेकरांचा उल्लेख ती टाळते, आणि तो तिच्याकडून काढून घ्यावयाचा तर प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगी धीर आणि माया दोन्ही लागतात. कोरड्या दिसणाऱ्या कोष्टकातील प्रत्येक आकड्यामागे असा एक प्रसंग उभा असतो.

आकडे हाती आले म्हणजे काम संपत नाही. त्यांचा अर्थ लावावा लागतो. पाच-दहा वर्षांच्या कालावधीत काही जोडप्यांना एकही मूल होत नाही, काहींना एक, काहींना दोन, काहींना चार. ही वाटणी अशीच का पडते? यदृच्छेने घडणाऱ्या घटनांची वाटणी कशी पडते, याची सूत्रे गणितात जुनी आहेत. नाणे ठराविक वेळा उडविले असता छाप किती वेळा पडेल, हे सांगणारे द्विपद सूत्र, आणि विरळ घडणाऱ्या घटनांची संख्या सांगणारे फ्रेंच गणिती प्वासाँ यांचे सूत्र, ही त्यांपैकी प्रमुख होत. दर महिन्याला एक नाणे उडते आहे आणि त्यावर गर्भसंभव अवलंबून आहे, अशी कल्पना केली तर हीच सूत्रे येथेही लागू पडतील, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु ती लागू पडत नाहीत, हे साध्या अंकगणितानेही सिद्ध होते. दरमहा गर्भसंभाव्यता एक पंचमांश धरली, तर पाच वर्षांच्या साठ महिन्यांत सरासरीने बारा वेळा गर्भसंभव व्हावा. असे कोठेही घडत नाही आणि घडणे शक्यही नाही. नाण्याला स्मरण नसते. एकदा छाप पडली म्हणून पुढच्या खेपेस तो काही वेळ थांबत नाही. स्त्रीदेहाचे तसे नव्हे. एकदा गर्भ राहिला की नऊ महिने दुसरा गर्भ राहण्याचा संभव शून्य होतो. प्रसूतीनंतरही, मूल अंगावर पीत असेतोवर, कित्येक महिने ऋतू परत येत नाही. म्हणजे प्रत्येक यशानंतर हे नाणे काही काळ खिशात ठेवावे लागते.

नेमकी हीच गोष्ट विनायकराव दांडेकरांनी गणिताच्या भाषेत मांडली. त्यांचा निबंध १९५५ साली कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘सांख्य’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. द्विपद आणि प्वासाँ या दोन्ही सूत्रांची सुधारलेली रूपे त्यांनी त्यात दिली. गृहीत एवढेच होते: प्रत्येक प्रयत्नात यशाचा संभव ठराविक आहे, परंतु यश मिळाल्यावर पुढील काही ठराविक प्रयत्नांत तो संभव शून्य राहतो. या एका अटीने सूत्राचे सारे रूप पालटते. आकड्यांचा पसारा आखडतो, मोठ्या संख्या दुर्मीळ होतात आणि वाटणी सरासरीच्या भोवती दाटते. मौजेची गोष्ट अशी की भौतिकशास्त्रज्ञांनाही त्याच सुमारास हाच प्रश्न पडलेला होता. किरणोत्सर्गाचे कण मोजणारा गायगरचा गणक एक कण नोंदविल्यावर क्षणभर आंधळा होतो, आणि त्या क्षणात आलेला कण त्याच्या गणतीत येत नाही. यंत्राचा हा आंधळा क्षण आणि मातेचा हा विश्रामकाल यांचे गणित मुळात एकच आहे.

या गणितातून काय निष्पन्न होते, ते एका उदाहरणाने पाहता येईल. उदाहरणातील आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. दरमहा गर्भसंभाव्यता एक पंचमांश असेल, तर गर्भ राहण्यास सरासरीने पाच महिने लागतात. गरोदरपणाचे नऊ महिने आणि अंगावर पाजण्यामुळे ऋतू बंद राहण्याचे बारा महिने त्यात मिळविले म्हणजे दोन बाळंतपणांतील अंतर सव्वीस महिन्यांचे होते. आता मूल जन्मतःच दगावले असे समजा. पाजणे थांबले, ऋतू दोन महिन्यांत परत आला, तर तेच अंतर सोळा महिन्यांवर येते. म्हणजे ज्या मातेचे लेकरू गेले, तिच्यावरच पुढचे बाळंतपण अधिक लवकर येऊन कोसळते. बालमृत्यू आणि अतिजनन ही दोन संकटे हातात हात घालून का चालतात, याचे एक कारण असे आकड्यांनी उघड झाले. त्यामुळे जन्माला आलेली मुले जगविणे आणि बाळंतपणांची संख्या कमी होणे या परस्परविरोधी गोष्टी नसून एकाच प्रयत्नाच्या दोन बाजू ठरतात.

दुसरा निष्कर्ष संततिनियमनाविषयी आहे, आणि तो उत्साही कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. एखाद्या उपायाने गर्भसंभाव्यता नऊ दशांशांनी घटली, तर जन्मही नऊ दशांशांनी घटतील असे वाटणे स्वाभाविक होय. परंतु वरील उदाहरणात एक पंचमांशाच्या जागी एक पन्नासांश घातल्यास गर्भ राहण्यास सरासरीने पन्नास महिने लागतात. विश्रामकालाचे एकवीस महिने पूर्वीइतकेच राहतात, आणि अंतर सव्वीसाचे एकाहत्तर महिन्यांवर जाते. जन्म घटले खरे, पण नऊ दशांशांनी न घटता पाच अष्टमांशांच्या आसपासच घटले. त्यातच पाजण्याचा काळ कोणी कमी केला, तर या लाभालाही गळती लागते. भारत सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने दिल्लीची लोदी वसाहत आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे सुरक्षित काल पाळण्याच्या पद्धतीचे प्रयोग सुरू झाले. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळाही देण्यात आल्या. परंतु ती पद्धत दीर्घकाळ यशस्वीपणे पाळणारी जोडपी थोडीच निघाली. जेथे उपाय अर्धामुर्धा पाळला जातो, तेथे फळ अर्ध्याहूनही कमी पदरात पडते, हे गणिताने आधीच सांगून ठेवले होते.

या शास्त्राचा तिसरा निष्कर्ष मात्र थेट घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो. सर्व जोडपी अगदी समान आहेत आणि प्रत्येकाची गर्भसंभाव्यता एक पंचमांश आहे, असे धरले, तरी हजार जोडप्यांपैकी सुमारे एकोणसत्तर जोडप्यांना पूर्ण वर्षभरात गर्भसंभव होणार नाही. त्यांच्यात दोष कसलाही नाही. केवळ यदृच्छेने त्यांचे दान पडलेले नाही. दोन वर्षे थांबल्यास अशी जोडपी हजारांत पाचच उरतील. प्रत्यक्षात जोडपी समान नसतात, हे जिनी यांनीही जाणले होते. हजारांपैकी पाचशे जोडप्यांची संभाव्यता तीन दशांश आणि पाचशेंची एक दशांश असेल, तर पहिल्या महिन्यात दोनशेंना, म्हणजे शेकडा वीस जणांना, गर्भसंभव होईल. दुसऱ्या महिन्यात उरलेल्या आठशेंपैकी दीडशेंना, म्हणजे शेकडा पावणेएकोणीस जणांना. तिसऱ्या महिन्यात शेकडा साडेसतरा जणांना. कोणाही एका जोडप्याची संभाव्यता तिळभरही घटलेली नाही. अधिक संभाव्यतेची जोडपी आधी बाहेर पडली आणि कमी संभाव्यतेची मागे राहिली, एवढेच. बाहेरून पाहणाराला मात्र काळ लोटला तसा देह निकामी होत चालला असा भास होतो.

या भासाची किंमत महाराष्ट्रातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे. लग्नाला वर्ष-दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की नवससायास, अंगारेधुपारे यांना आरंभ व्हावयाचा. आणखी काही काळ गेला की वांझपणाचा शिक्का बसावयाचा आणि सवत घरात यावयाची. ओटी भरण्याच्या प्रसंगी तिला मागे ठेवले जाई, आणि बारशाच्या घरी तिची सावलीही अशुभ ठरे. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्याविवाहाला १९४६ च्या कायद्याने बंदी झाली. परंतु भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव, आणि त्याच्यासारखी मराठवाड्यातील शेकडो गावे, तेव्हा निजामाच्या राज्यात होती, आणि मुंबईचा कायदा त्यांच्या वेशीपर्यंत पोहोचत नव्हता. तेथील स्त्रीला या बाबतीत कायद्याचे खरे छत्र मिळाले ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. ज्या वर्षी हा कायदा झाला, त्याच वर्षी दांडेकरांचा निबंध छापला गेला. पहिल्याने सवतीला मनाई केली, तर दुसऱ्याने वापरलेले गणित सवत आणण्यासाठी पुढे केल्या जाणाऱ्या कारणातील उतावीळ उघडी पाडते.

आणखी एक गोष्ट या संदर्भात सांगितली पाहिजे. जिनींच्या निबंधाच्या मथळ्यात स्त्रीचा उल्लेख आहे. परंतु ज्या अंकाला गर्भसंभाव्यता म्हणतात, तो स्त्रीचा एकटीचा कधीच नसतो. त्यात पुरुषबीजाचे बळ येते, दोघांचे आरोग्य येते, पती कामधंद्यासाठी परगावी राहतो की घरी, हेही येते. अंक जोडप्याचा असतो आणि शिक्का मात्र एकीच्या कपाळी बसतो, ही विसंगती सूत्रात नाही, समाजात आहे.

दांडेकरांचे सूत्र अंतिम शब्द नव्हते. जोडप्याजोडप्यांतील भेद आकड्यांचा पसारा वाढवितात, तर विश्रामकाल तो आखडतो. दोन्ही शक्ती एकाच वेळी कार्य करीत असल्यामुळे एक विसरली तर उत्तर चुकते आणि दोन्ही विसरल्या तर ते कधीकधी योगायोगाने जुळते, हे तर अधिकच फसवे. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील एस. एन. सिंह यांनी १९६३ साली ही चौकट पुढे वाढविली आणि काही जोडप्यांना त्या कालावधीत गर्भसंभवाची शक्यताच नसते, ही गोष्टही हिशेबात घेतली. फ्रान्समध्ये लुई आंरी यांनी १९५३ साली स्वाभाविक जननक्षमतेच्या मोजमापाचा तात्त्विक पाया घातला. अमेरिकेत मिंडेल शेप्स आणि जेन मेनकेन यांचा गर्भसंभव आणि जन्म यांच्या गणिती प्रतिमानांवरील ग्रंथ १९७३ साली निघाला. पुढे १९९५ साली उत्तर कॅरोलिनातील २२१ स्त्रियांच्या निरीक्षणावरून ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ऋतुचक्रातील गर्भसंभवाचे दिवस सहाच असतात. ते बीजविमोचनाच्या दिवशी संपतात, आणि त्या सहा दिवसांत एका समागमाने गर्भ राहण्याचा संभव सुमारे एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत चढत जातो. महिन्याचे नाणे अशा रीतीने दिवसापर्यंत बारीक झाले.

या सर्व गणिताची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. संभाव्यता समूहाविषयी बोलते; अमुक एका घरात पाळणा केव्हा हलेल, हे ती सांगत नाही, सांगू शकत नाही आणि सांगण्याचा आवही आणीत नाही. हजारांत एकोणसत्तर एवढे ती सांगते. त्या एकोणसत्तरांत कोण, हे तिला अज्ञात असते. म्हणून वर्षभर वाट पाहूनही गर्भसंभव न झाल्यास दोघांनी मिळून वैद्याकडे जावे, हाच शहाणपणाचा मार्ग. वर्षाची मुदत वैद्यकाने जी ठरविली आहे तीही याच गणिताशी सुसंगत आहे: त्या अवधीत निर्दोष जोडप्यांपैकी बहुतेकांचा प्रश्न आपोआप सुटलेला असतो. पत्नीचे वय पस्तिसाच्या पुढे असेल, तर मात्र सहा महिन्यांतच सल्ला घेणे इष्ट मानले जाते. कारण वयाबरोबर ही संभाव्यता खरोखरच घटते आणि तेथे वाट पाहणे महाग पडते.

१९५० च्या सुमारास भारतातील स्त्रीला सरासरीने सहाच्या घरात मुले होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात हा आकडा १९९२-९३ साली २.९ होता आणि २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला. निजामी मुलूख जाऊन हैदराबाद राज्य आले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या पिंपळगाव रेणुकाईच्या नावात मातृदेवता आजही नांदते आहे. मातृत्वाची पूजा करणाऱ्या समाजाने मातृत्व न लाभलेल्या स्त्रीचा अवमान करावा, ही विसंगती मात्र नकाशे बदलल्याने नाहीशी होत नाही. कायद्याने तिचे एक टोक कापले, वैद्यकाने दुसरे. तिसरे कापण्याचे साधन त्या कोरड्या सूत्रात आहे: शेकड्यांत काही जणांना थांबावेच लागते, आणि थांबणे हा कोणाचाही अपराध नव्हे. एवढे ज्या घरात समजले, त्या घरातील सुनेपुरते या गणिताचे सार्थक झाले असे म्हणावे.